लाली दबली, नायटा पसरला

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात पावसाळ्यात दद्रूचे, म्हणजेच नायट्याचे, रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. खाडीकाठची दमट हवा, लोकलमधील गर्दीचा घाम आणि नीट न वाळलेले कपडे बुरशीस पोषक ठरतात. परंतु हा विकार अलीकडे हट्टी होऊन बसला आहे, त्याचा दोष केवळ हवामानास देता येणार नाही.

बुरशीचा शिरकाव होताच त्वचेतील पेशी तिच्या कवचातील घटक ओळखतात आणि इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा यांसारखी संदेशवाहक प्रथिने, अर्थात सायटोकाइन्स, स्रवतात. रक्तवाहिन्या रुंदावून लाली व दाह उत्पन्न होतो. पुढे इंटरल्यूकिन-२३ च्या प्रेरणेने लिम्फोसाइट पेशी इंटरल्यूकिन-१७ निर्माण करतात. त्यायोगे न्यूट्रोफिल पेशी धावून येतात व त्वचेत जंतुरोधक प्रथिने तयार होतात. म्हणजेच येथील शोथ हा शरीराने उभारलेला प्रतिकार होय.

सोरायसिसमध्ये शोथ हाच विकार असल्याने इंटरल्यूकिन-१७ रोखणारी इंजेक्शने गुणकारी ठरतात. मात्र त्यांच्या वापरात कँडिडा बुरशीचा संसर्ग वाढू शकतो, ही बाब बोलकी आहे.

क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असलेली मिश्र मलमे हेच संदेश दाबून टाकतात. कंडू चटकन शमते, रुग्ण संतुष्ट होतो. बुरशी मात्र आतून पसरत राहते. मलम थांबवताच विकार उसळतो व रुग्ण पुन्हा तीच ट्यूब मागतो. दरम्यान त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे वण उमटतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांची सवलत काढून त्यांना 'शेड्यूल एच'मध्ये आणले. तरीही चिठ्ठीविना विक्री थांबलेली नाही.

चरकाचार्यांनी दद्रूची गणना क्षुद्रकुष्ठांत केली, सुश्रुताचार्यांनी महाकुष्ठांत. आजची स्थिती पाहता सुश्रुताचार्यांचे गांभीर्यच आपण स्वीकारावे. वैद्यांनी प्रत्येक रुग्णास आधी कोणती ट्यूब लावली हे विचारावे, शंका असल्यास खवल्यांची सूक्ष्मदर्शक तपासणी करवून घ्यावी, गरजेनुसार त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. निदानपरिवर्जनात या ट्यूबचाही समावेश करावा. औषधविक्रेते बंधूंनी चिठ्ठीविना ती देऊ नये. ज्या 'आयुर्वेदिक' मलमावर घटकांची नोंद व परवाना क्रमांक नाही, ते दुकानात वा चिकित्सालयात ठेवूच नये. दोन दिवसांच्या उपशयासाठी रुग्णाची त्वचा पणास लावण्याचा अधिकार आपणांस नाही, असे आम्हांस वाटते.