पासिंग किती, भरतोस किती आणि उघडतो कोण?

कोल्हापूरला डिझेल आधी मळ्यात भेटले, रस्त्यावर बऱ्याच उशिरा. पंचगंगा-भोगावतीच्या काठचा ऊस वाढला त्यात ऑइल इंजिनाने उपसलेल्या पाण्याचा वाटा मोठा. गुऱ्हाळातला बैलांचा चरकही पुढे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरू लागला. इंजिन आले म्हणजे त्याचे बंद पडणेही आले, आणि ऐन पाळीच्या दिवशी बंद पडलेल्या इंजिनासाठी मुंबईहून माणूस येईपर्यंत थांबायला ऊस तयार नसतो. त्या निकडीतून या गावात मिस्त्री घडले. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी न चढता कोल्हापुरातच ऑइल इंजिन बनवून दाखवणारे म्हादबा मिस्त्री हे त्यातले सर्वांत मोठे नाव. तिकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. कोल्हापूरची शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत याच वाटेवरची.

मंगळवार पेठेतून उद्यमनगर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पेठेची गाड्यांविषयीची मते या शेजारानेच पक्की केली आहेत. इथे दोन पिकअपवाले मिरजकर तिकटीला चहाला भेटले की तुलना सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला : ‘पासिंग किती आन् भरतोस किती?’ मग ॲव्हरेज, मग फोंड्याच्या घाटात दुसऱ्या गिअरला ओढते की पहिला टाकावा लागतो, मग हप्ता. कुस्तीच्या खासबाग मैदानाशेजारच्या माणसांना जोड लावण्याची सवय जुनीच. पैलवानांची लावतात तशी ते गाड्यांचीही लावतात. मात्र या चर्चेत शेवटचा शब्द ज्याचा असतो तो तिथे बहुधा हजर नसतो. तो मिस्त्री. ‘मिस्त्री काय म्हणतोय?’ यावर सौदा ठरतो किंवा मोडतो. गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर ही पद्धत चुकीची ठरलेली नाही.

१९५४ साली टेल्कोने डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतला. तोवर रस्त्यावर होत्या त्या डॉज, फार्गो, बेडफर्ड. काहींत नंतर पर्किन्सचे डिझेल इंजिन बसले. बेंझचा करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तारा जाऊन टाटांचे चिन्ह आले, पण तोपर्यंत ते इंजिन गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हातात मुरले होते. घाटगे-पाटील यांच्यासारखा वाहतुकीचा मोठा व्यवसाय कोल्हापुरातून देशभर पसरू शकला, त्याला व्यापार जितका कारण तितकीच ही हातातली विद्या. त्याच १९६९ मध्ये बजाज टेम्पोची मॅटॅडोर आली आणि ट्रकपेक्षा लहान, तीनचाकीपेक्षा मोठी अशी गाडी बाजाराला मिळाली.

खरा कस लागला तो १९८०च्या दशकाच्या मध्यावर. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा असे चार जपानी जोडीदार हलक्या ट्रकच्या बाजारात एकदमच उतरले. कागदावर त्या गाड्या सरस होत्या : केबिन शांत, गिअर मऊ. टाटांनी १९८६ मध्ये त्यांच्यासमोर ४०७ उभी केली. दिसायला ओबडधोबड, आवाज असा की चालकाशेजारच्या माणसाने ओरडूनच बोलावे. तरी जिंकली तीच. याचे एक कारण टोकियो आणि न्यूयॉर्कमध्ये घडले. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारला आणि जपानहून येणारे सुटे भाग महागले. दुसरे कारण इथे मंगळवार पेठेतही दिसत होते. ४०७ चे चार सिलिंडरचे इंजिन उतरवून पुन्हा बांधायला कंपनीची परवानगी लागत नव्हती. लायनर-पिस्टन दुकानात मिळत, पंप-नोझल उद्यमनगरात तपासून मिळे, कमानीचा मोडलेला पाटा लोहार बदलून देई.

जुन्या ४०७ ला एअर धरली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की काय करायचे हे क्लीनर पोरालाही ठाऊक असे. फिल्टरवरचा स्क्रू पान्याने दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाचा हातपंप अंगठ्याने दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे फुरफुरतात, मग डिझेलची सलग धार लागते. धार लागली की स्क्रू आवळायचा, फडक्याला हात पुसायचे आणि स्टार्टर मारायचा. पाच-दहा मिनिटांचे काम, खर्च शून्य. गाडीची मालकी म्हणजे नेमके काय, याची याहून चांगली व्याख्या आम्हाला माहीत नाही.

२००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली : दोन सिलिंडर, ७०२ सीसी, वजन न्यायची पाऊण टन. लोकांनी तिला छोटा हाथी म्हटले. ज्या पेठेत शाहू महाराजांच्या काळात हत्तींच्या खेळाची साठमारी होती, तिथे हे बारसे विशेष शोभले. एसने बैलगाडी आणि हातगाडीच्या माणसाला चारचाकीचा मालक केले. पण गुळाचे रवे, फौंड्रीचे कास्टिंग, कोकणात उतरणारा भाजीपाला यांना पाऊण टन पुरत नाही. तिथे जीपच्या वंशातल्या महिंद्राच्या पिकअपने जम बसवला. लांब हौदा, २५२३ सीसीचे डिझेल इंजिन, आणि नावातच १.७ टनाची ग्वाही. पुढे अशोक लेलँडची दोस्त आली, टाटांची योद्धा आली, इसुझूची डी-मॅक्स आली. प्रत्येकीचे भक्त आहेत आणि प्रत्येकीचे वैरी.

जास्त भरण्याच्या बढाईबद्दल मात्र दोन शब्द कडक लिहायला हवेत. पावणेदोन टनाच्या गाडीत तीन टन घालून गगनबावड्यामार्गे करूळचा घाट उतरलो, हे सांगताना छाती फुगते. इंजिन तेवढे ओढते, हे खरे. ब्रेक तेवढे धरत नाहीत, हेही तितकेच खरे. ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरावे, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम पिकअपवाल्यांनी घेतलाच नाही. त्यांना वाटते आपण चालवतो ती जरा मोठी जीपच.

आता मूळ मुद्दा. एप्रिल २०२० पासून देशात धुराचे बीएस-६ निकष लागू झाले. डिझेलमधले गंधक प्रति दशलक्ष १० भागांवर आले, आणि गाडीखाली धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ आला. काही गाड्यांत युरियाची टाकीही आली. हे व्हायलाच हवे होते. जुन्या गाडीमागे दुचाकीवर लेकराला शाळेत सोडणाऱ्या कुणालाही विचारा. पण डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, आणि तो तापतो हायवेवर. मंगळवार पेठ ते मार्केट यार्ड, तिथून शाहूपुरी, परत पेठ, अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत तो तापतच नाही. काजळी साचते, दिवा लागतो, गाडी जोर सोडते. मग स्क्रू सैल करून भागत नाही. स्कॅनर लागतो, आणि त्यात त्या कंपनीचे सॉफ्टवेअर. ते अधिकृत वर्कशॉपकडे असते, आणि वर्कशॉपचा नंबर लागेपर्यंत त्या दिवसाचे भाडे गेलेले असते, हप्ता मात्र आलेला असतो.

ज्या जिल्ह्यातल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून देशोदेशीच्या इंजिनांची कास्टिंग जातात, ज्याच्या कागलला किर्लोस्करांची इंजिने तयार होतात, तिथल्या मिस्त्रीला दारातल्या पिकअपचा दिवा का लागला हे वाचता येऊ नये, यात काहीतरी मोठे बिनसले आहे.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेत दणकट डिझेल पिकअपचे चाहते पुष्कळ; ६.७ लिटरचे कमिन्स इंजिन हा तिथल्या रॅम मालकांचा अभिमान. हेच कमिन्स १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीने पुण्यात आले, म्हणून आपल्यालाही परके नाही. त्याच कंपनीला धूरनियंत्रणाची चाचणी चुकवणाऱ्या यंत्रणेच्या प्रकरणात २०२३ च्या अखेरीस १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य करावा लागला. २०१३ ते २०१९ दरम्यानचे सुमारे सव्वासहा लाख रॅम ट्रक त्यात होते. म्हणजे सॉफ्टवेअर कुलपात ठेवले की हवा आपोआप स्वच्छ राहते, हा कंपन्यांचा दावा फारसा टिकत नाही. दुसऱ्या बाजूने, डीपीएफ काढून सरळ नळी बसवून देतो म्हणणारे तिथेही आहेत आणि इथेही. तो मार्ग आम्हाला मान्य नाही. ज्याला कायदेशीर दुरुस्ती परवडत नाही तोच तिकडे वळतो, हे मात्र धोरण आखणाऱ्यांनी नीट ऐकावे.

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच वाहनदुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेर पोर्टल सुरू केले. मोटारी आणि शेती-अवजारे दोन्ही त्यात आहेत. पोर्टलवर माहिती टाकणे वेगळे आणि फॉल्ट कोड, सुटे भाग व त्यांच्या किमती वाजवी दरात कुठल्याही मिस्त्रीला देण्याची सक्ती वेगळी. ही सक्ती कायद्यानेच आली पाहिजे. तोवर कोल्हापूरला हात बांधून बसण्याचे कारण नाही. कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना बीएस-६ चे चालू इंजिन आणि स्कॅनर हाताळायला मिळावा. उद्यमनगरातल्या संघटनांनी अनेक कंपन्यांचे कोड वाचणारे स्कॅनर सामायिक घ्यावेत. एकट्या गॅरेजला न झेपणारा खर्च वीस जणांत झेपतो. आणि पेठेतल्या नव्या गिऱ्हाईकाने शोरूममध्ये ॲक्सेसरी फुकट मागण्याआधी विचारावे की डीपीएफचा दिवा लागला तर तो कुठे, कितीला आणि किती वेळात घालवून मिळेल. उत्तर कोटेशनवर लिहून घ्यावे, आणि त्या कागदावर दोन-तीन कंपन्यांची जोड लावावी.