वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

हाक मारूनही एखादा बहिरा माणूस वळला नाही, की काही मुले हसतात. कदाचित तुम्हीही कधी हसला असाल. अशा मुलांनी 'बीथोव्हेन लिव्ह्ज अपस्टेअर्स' हा १९९२ सालचा कॅनेडियन चित्रपट जरूर पाहावा, असे मला वाटते.

गोष्ट व्हिएन्ना शहरातली आहे. ख्रिस्तोफ हा दहा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील वारले आहेत. घरखर्च भागावा म्हणून आई वरचा मजला भाड्याने देते. पण भाडेकरू असतो विचित्र! तो वेळीअवेळी पियानो बडवतो, मोठ्याने ओरडतो, पियानोचे पायसुद्धा कापतो. लोक त्याला वेडा म्हणतात. ख्रिस्तोफला त्याचा राग येतो आणि लाजही वाटते.

हा भाडेकरू म्हणजे थोर संगीतकार बीथोव्हेन. तिशीच्या आतच त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. पुढे लोक वहीत लिहून त्यांच्याशी बोलत. पियानो जमिनीला टेकला, की सुरांचा कंप फरशीतून अंगाला जाणवतो. हे समजल्यावर वेडेपणा कुठे उरतो?

कोणी म्हणेल, "ख्रिस्तोफ तर काल्पनिक आहे. खोट्या गोष्टीचा काय उपयोग?" मला हे पटत नाही. मुलगा कल्पित असला, तरी बीथोव्हेन यांचे दुःख खरे आहे. ७ मे १८२४ रोजी त्यांची नववी सिंफनी प्रथमच सादर झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण त्यांची पाठ श्रोत्यांकडे होती. एका गायिकेने त्यांना वळवले, तेव्हा कुठे त्यांना टाळ्या 'दिसल्या', असे सांगतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला, की तो गप्प राही. मी त्याला आळशी समजलो आणि मागच्या बाकावर बसवले. पुढे कळले, की त्याला एका कानाने ऐकूच येत नाही. त्याला पुढे बसवले आणि तो भराभर उत्तरे देऊ लागला. चूक त्याची नव्हती, माझी होती. ख्रिस्तोफ दहाव्या वर्षी जे शिकला, ते मी तिशी ओलांडल्यावर शिकलो.

तुम्ही इतका उशीर करू नका. कोणाला वेडा किंवा आळशी म्हणण्याआधी एकदा जिना चढून वर जा, दार ठोठवा आणि विचारा, "तुम्हाला काय त्रास होतो?"