मुरू तर द्या!

परवा शुक्रवारी रात्री मी लॅपटॉपसमोर क्रेडिट कार्ड हातात धरून बसले होते. गणपतीच्या गाडीचं तिकीट काढायला बसतात ना लोक, अगदी तशी. एक डोळा घड्याळाकडे, एक बोट रिफ्रेशवर. आणि मिळवायचं काय होतं? तर अत्तराची एक बाटली. पाच मिलिलिटर. म्हणजे एक चमचाभर!

वर्णन असं होतं: करपत आलेली साखर, खारं लोणी, तापवलेलं दूध, वर जायफळ. विक्री रविवारी मध्यरात्री बंद, त्यानंतर ही बाटली पुन्हा कधीही निघणार नाही. वास कसा आहे? माहीत नाही. कळायचा मार्गच नाही, कारण लिमिटेड एडिशनचं सॅम्पल मिळत नाही आणि उघडलेली बाटली परत घेत नाहीत.

माझी आजी वास घेतल्याशिवाय खरबूजसुद्धा घ्यायची नाही. आणि मी, दोन ओळींचा बदल टेस्ट न करता पुढे ढकलला तर टीममधल्या पोरांना फाडून खाणारी बाई, वास न घेता अत्तर विकत घेत होते.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत छोट्या, स्वतंत्र अत्तरवाल्यांची एक वेगळीच दुनिया आहे. मोठ्या ब्रँडसारखा अल्कोहोलचा स्प्रे नाही, तेलातला सुगंध. मनगटावर थेंब लावायचा, बस्स. लॉस एंजलिसची ब्लॅक फीनिक्स अल्केमी लॅब ही २००२ साली सुरू झालेली मंडळी यातली सगळ्यात गाजलेली. हॅलोविनची वेगळी अत्तरं, नाताळची वेगळी, पौर्णिमेची वेगळी, आणि ती थोडेच दिवस मिळणार, ही प्रथा त्यांनी लोकप्रिय केली. मग तिचा कित्ता गिरवणारे ढिगाने निघाले. त्यातही 'गूर्माँ' म्हणजे खाऊच्या वासांची चलती फार. केक, कॅरॅमल, बदामाची बिस्किटं वगैरे. मोठ्या बाजारात ही लाट १९९२ साली आली, तिएरी म्युग्लरच्या 'एंजल'मुळे. ऑलिव्हिए क्रेस्पने त्यात एथिल माल्टॉल नावाचं रसायन सढळ हाताने घातलं. जत्रेतल्या बुढ्ढी के बालचा वास आठवा. तोच तो.

मला खाऊचे वास आवडतात, उगाच नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. शिवाय इथे 'पंपकिन' म्हणून जे अत्तर विकतात त्यात भोपळ्याचा वास नावालाच असतो; असतं ते दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळ. पहिल्यांदा लावलं तेव्हा मला आमच्या चहाच्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटलं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. (हसू नका. नोव्हेंबर होता आणि दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती.)

तर माझं भांडण वासाशी नाहीच. भांडण आहे 'लिमिटेड'शी, आणि तेही एका अगदी साध्या कारणासाठी. तेलातलं अत्तर ही कळायला सगळ्यात जास्त वेळ घेणारी चीज आहे, आणि ती विकायला मात्र सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

वेळ का लागतो ते सांगते. संत्र्याची साल, आलं असले हलके रेणू पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात. व्हॅनिलिन जड. ते तासन्‌तास हलत नाही, कागदाच्या पट्टीवर तर दिवसचे दिवस राहतं. म्हणजे बाटली उघडल्यावर जे हुंगता ते अत्तर नव्हेच, ती त्याची प्रस्तावना. खरं अत्तर चार तासांनी अंगावर उरतं ते. मी एका रविवारी डाव्या हातावर तीन आणि उजव्या हातावर तीन अशी सहा लिमिटेड एडिशन्स लावून बसले. जिंजरब्रेड, बदाम, पंपकिन, कसलासा राजेशाही केक, अशी नावं. पहिली दहा मिनिटं काय एकेकाचा थाट! चार तासांनी नवऱ्यासमोर दोन्ही हात धरले आणि म्हटलं, ओळख. त्याने शांतपणे हुंगलं आणि म्हणाला, "बर्फीच्या रिकाम्या खोक्याचा वास येतोय. सगळ्यांनाच." चिडले, पण खोटं नव्हतं. मसाले उडून गेले की खाली बहुतेकांत तेच व्हॅनिलिन आणि तेच एथिल माल्टॉल. सहा दुर्मिळ बाटल्यांचा मुक्काम एकाच गावी.

हे दुकानात कळलं असतं तर मी सहातली एक घेतली असती. पण मुदत संपत आली असताना माणूस वास घेत नाही, यादी वाचतो. आणि खाऊची यादी फार लबाड असते हो. 'वेटिव्हर, लॅबडनम' वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही, मेंदू जागा राहतो. 'खारं लोणी' वाचलं की संपलं! आपल्याला वाटतं हा वास आपल्या ओळखीचा आहे. पण ती यादी घटकांची नसते, बनवणाऱ्याच्या कल्पनेची असते. बाटलीत लोणी नसतं, दूधही नसतं. व्हॅनिला लिहिलं असेल तर ते शेंगेचं असेल किंवा १८७४ साली टीमान आणि हारमान यांनी पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून बनवून दाखवलेल्या व्हॅनिलिनच्या वंशातलं कारखान्यातलं असेल. कारखान्यातलं वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. पण दोन्हींचा वास वेगळा आणि यादीत शब्द मात्र एकच.

बरं, वास आवडला नाही तर काय उत्तर मिळतं? "तुमची स्किन केमिस्ट्री." त्वचेनुसार वास थोडा बदलतो हे मान्य. पण माल आवडला तर श्रेय अत्तरवाल्याचं आणि नाही आवडला तर दोष माझ्या कातडीचा, हा कुठला न्याय? आमच्या धंद्यात "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्याला निदान हसतात तरी.

दुसरं उत्तर म्हणजे "सहा महिने ठेवून द्या, मुरेल." आणि गंमत म्हणजे हे खरं आहे. ताजं मिश्रण कच्चं, टोकदार असतं. हळूहळू कडा बोथट होतात, व्हॅनिलिन तपकिरी पडतं, वास गोलाई धरतो. लोणच्यासारखंच. पण मग मुरवायचं कुणी? कन्नौजला देग-भपक्यात गुलाब नाहीतर भाजलेली माती उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. ते अत्तर पूर्वापार कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवत, आतलं पाणी निघून जाऊन ते तयार होईपर्यंत. थांबायचं काम बनवणारा करतो. मग तुम्ही मुंबईत मोहम्मद अली रोडला गेलात की दुकानदार हाताच्या पाठीवर काडी टेकवतो, कानात फाया ठेवायला देतो, आणि हवं तर चक्कर मारून या म्हणतो. पुढच्या महिन्यात गेलात तरी हिना तिथेच असते. गुलाबाचा हंगाम असतो, विकण्याचा नसतो.

इथे मात्र कच्ची कैरी माझ्या गळ्यात मारायची, बरणी माझी, कपाट माझं, सहा महिने माझे. आणि ते खरंच मुरून झक्कास झालं तर दुसरी बाटली घ्यायला दुकान कधीच बंद झालेलं! मग सीलबंद बाटल्या दाबून ठेवणारे भेटतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे मागतात.

छोट्या लोकांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. दोन-तीन माणसं स्वयंपाकघराएवढ्या जागेत काम करतात. वर्षभर शंभर वासांचा साठा ठेवणं त्यांना परवडत नाही. एखादं नैसर्गिक तेल त्या दर्जाचं पुन्हा मिळतच नाही. एक-एक मिलिलिटरच्या कुप्या हाताने भरणं म्हणजे वेळ फुकट. सगळं मान्य. मग संख्या मर्यादित ठेवा ना, दिवस कशाला? हंगामाच्या सहा वासांचा एक सॅम्पल संच महिनाभर आधी विका, त्याचे पैसे चांगले घ्या, मी देईन. मग ऑर्डरी घ्या आणि तेवढंच बनवा. साठ्याचा प्रश्नच मिटला. हे न करता बासष्ट, एकसष्ट, साठ मिनिटं मोजत बसवणं, यात हस्तकला कुठे आली? "अहो, पण मजा त्या धावपळीतच आहे" असंही एक मैत्रीण म्हणाली. असेल. मग तिकिटं जमवा. ती हुंगायची नसतात.

हे सगळं इतक्या तिडकीने लिहायचं कारण गेल्या वर्षीची बाटली. वर्णन साधारण असंच होतं, लोणी आणि दूध. तीन आठवड्यांनी आली, उघडली, लावली. पहिल्यांदा उन्हात तापलेल्या बाहुलीचा वास, मग डब्यात विसरलेल्या खिरीचा. पाच आठवडे कपाटात ठेवून पुन्हा लावली, तेच. फेब्रुवारीत ऑफिसमधल्या एका तमिळ मैत्रिणीला देऊन टाकली. तिला म्हटलं, आवडली नाही तर फेकून दे.

जूनमध्ये एका मीटिंगला ती शेजारी येऊन बसली आणि मला अचानक आमच्या गावच्या घरातली चूल आठवली. आटत आलेलं दूध, कढईच्या कडेची साय, वर किसलेलं जायफळ. मी अख्खी मीटिंग त्या वासात बसून होते, काय ठरलं ते आजही सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर विचारलं, हे काय लावलंयस? ती म्हणाली, तूच दिलेलं. परत मागायला जीभ रेटली नाही. हळूच सुचवून पाहिलं, तर तिने बाटली दाखवली. निम्म्याच्या खाली गेली होती आणि ती हसून म्हणाली, आता नाही हं मिळणार. बनवणाऱ्याकडे तर ती नोव्हेंबरातच संपली होती.

परवा शुक्रवारी मी शेवटी काय केलं ते विचारू नका. तीन आठवड्यांत येईल म्हणतात. मैत्रिणीला सांगून ठेवलंय, ही पण आधी तूच ठेव, पण या वेळी अर्धी माझी.