रुंद टायरांचा सोस

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पुतण्याच्या मोटारीचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले, तेव्हा नवे घेण्याच्या निमित्ताने त्याच्यासमवेत पुण्याच्या सातारा रस्त्यावरील एका दुकानात अर्धा दिवस बसण्याचा योग आला. आणि ज्या वस्तूवर आपले व आपल्या कुटुंबीयांचे प्राण दररोज विसंबून असतात, तिची निवड चांगली सुशिक्षित माणसेसुद्धा किती निर्धास्तपणे केवळ डोळ्यांच्या हवाली करतात, हे तेथे जवळून पाहावयास मिळाले. गाडीबरोबर आलेले टायर 185/65 आर 15 या मापाचे होते. पुतण्याला 205 हवे होते. कारण विचारता तो म्हणाला, "काका, मागून बघितलं की गाडी कशी बसलेली दिसते!" दुकानदाराने तत्काळ मान डोलावली; रुंद टायराची किंमतही अंमळ रुंदच असते.

टायरच्या अंगावर कोरलेला हा आकडा म्हणजे त्याचा सातबाराच होय. 185 ही मिलिमीटरांतील रुंदी, 65 हे बाजूच्या उंचीचे त्या रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन परकी माणसे एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदविणाऱ्या या लेखनाचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. परंतु त्यातील मेख अशी की, हे खाते सामाईक आहे, आणि एकट्या हिस्सेदाराच्या मर्जीने त्यात फेरफार नोंदविता येत नाही. रुंदी 205 केली आणि 65 तसेच ठेवले, तर ते 65 टक्के आता 205 चे होतात. बाजूची उंची 120 मिलिमीटरांवरून 133 वर जाते, चाकाचा एकूण व्यास सुमारे 622 वरून 648 वर, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि वेगाच्या काट्याच्या हिशेबी गाडी 100 ने धावत असता ती प्रत्यक्षात 104 ने धावू लागते. गाडी बनविणारे स्वतः रुंदी वाढवितात तेव्हा काय करतात, हे पाहावे. स्विफ्टच्या खालच्या प्रतीस 165/80 आर 14 आणि वरच्या प्रतीस 185/65 आर 15 असे टायर येतात. रुंदी 20 मिलिमीटरांनी वाढली, रिमही एका इंचाने वाढले, पण टक्केवारी अशी उतरविली की एकूण व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरांचा फरक पडावा.

रिमच्या रुंदीचाही प्रश्न असतो, आणि तो बहुधा कोणी विचारीतच नाही. 185/65 ला पाच ते साडेसहा इंचांचे रिम चालते. 205/65 ला निदान साडेपाच इंच लागते. पुतण्याचे रिम पाच इंची. अरुंद पाटावर लठ्ठ पाहुणा बसवावा, तसा टायर दोन्ही अंगांनी बाहेर ओघळतो आणि वळणावर त्याची बाजू डुलू लागते. हे सारे आम्ही कागदावर मांडून दाखविले. पण तरुण माणसाच्या हौसेपुढे त्रैराशिकाची मातब्बरी ती काय! टायर बसले. पुढल्याच रविवारी आम्ही पाच माणसे व दोन पेट्या घेऊन वाईस निघालो असता, खंबाटकी घाटाच्या पहिल्याच मोठ्या वळणावर डाव्या चाकाकडून 'खर्रर्र' असा आवाज आला. पुढल्या वळणावर पुन्हा. गाडी बाजूस घेऊन पाहिले, तो टायर मडगार्डच्या आतील प्लॅस्टिकला चाटून त्यावर बोटभर रुंद, लखलखीत पट्टा उमटलेला. पुतण्या बराच वेळ उकिडवा बसून त्या पट्ट्याकडे पाहत राहिला. आम्ही समंजसपणे दूर जाऊन कणीस घेतले.

रुंद टायर रस्त्याला अधिक चिकटतो, ही समजूत सर्वस्वी खोटी नाही, पण तिची शहानिशा करावयास हवी. ढोबळ मानाने, टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती असावा हे रुंदीपेक्षा त्याच्यावरील भार आणि आतील हवा हीच दोन ठरवितात. एका चाकावर 250 किलो भार आणि टायरात 33 पौंड हवा असेल, तर टेकणारा भाग सुमारे 110 चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताएवढा असतो. रुंद टायर घातल्याने हा तळहात फारसा मोठा होत नाही. तो केवळ आडवा होतो. कोरड्या डांबरावर वेगाने वळण घेताना हा आडवा ठसा खरोखरच उपयोगी पडतो, आणि दणकट इंजिनाच्या, भारदस्त, वेगवान मोटारींना तो आवश्यकही असतो. पण आषाढातल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर पाण्याचा थर साचलेला असता तोच आडवा ठसा अंगाशी येतो, कारण पुढ्यातले पाणी बाजूस सारावयास त्याला जास्त कष्ट पडतात आणि वेळ मात्र कमी मिळतो. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असे अमेरिकेच्या नासा संस्थेने 1963 साली, मुख्यत्वे विमानांच्या टायरांच्या परीक्षणांवरून, मांडले. त्या सूत्राने 33 पौंड हवेला ताशी सुमारे 95 किलोमीटर येतात आणि 25 पौंडांना सुमारे 83. मोटारीला हे आकडे तंतोतंत लागू करता येणार नाहीत. तथापि हवा कमी ठेवणाऱ्याने ते एकदा वाचावेत.

वस्तुतः चाकाच्या रुंदीचा निवाडा जमीन करीत असते, आणि हे आपल्याकडल्या ऊसवाल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. लोखंडी धावेचे अरुंद चाक भरल्या गाडीखाली काळ्या रानात रुतून बसे. त्याजागी रबरी चाकांची 'टायरगाडी' आली, तिने तोच बोजा पसरून घेतला आणि बैलांचे हाल काही अंशी हलके झाले. मऊ जमिनीवर रुंदी कामास येते. उलटपक्षी, स्वीडनच्या बर्फावरील मोटारींच्या रॅलीत मुद्दाम अरुंद, खिळ्यांचे टायर वापरतात. हेतू हा की, चाकाने भुसभुशीत बर्फ कापून खालचा कठीण थर गाठावा. बीएमडब्ल्यूसारख्या ऐटबाज घराण्याने आपल्या आय3 या विजेच्या मोटारीस 155/70 आर 19 असे उंच आणि सडपातळ चाक दिले, ते वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून. आणि आपली पद्मिनी? तिचे टायर 5.20 इंची, म्हणजे सुमारे 132 मिलिमीटरांचे, अँबेसिडरचे 5.90. त्या पाच-वीसांवर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांनी किती पावसाळे काढले! त्या गाड्यांचा वेग बेताचा होता हे खरे, परंतु आजच्या शहरातील आपला वेग तरी कोठे मोठासा असतो?

म्हणून आमचे मत असे की, गाडीच्या दाराच्या चौकटीवर जो कागद चिकटविलेला असतो, त्याबरहुकूम माप घ्यावे, आणि रुंदीवर उधळावयाची रक्कम त्याच मापातील चांगल्या रबराच्या टायरावर खर्चावी. फारच हौस असेल तर एक पायरी चढावी, 185/65 च्या जागी 195/60. त्याचा एकूण व्यास सुमारे 615 मिलिमीटर येतो आणि फरक सुमारे एका टक्क्यावर आटोपतो. पण मापाशेजारच्या भारांकाकडेही पाहावे. तेथे 84 म्हणजे चाकामागे 500 किलो आणि 88 म्हणजे 560. मूळ टायराहून तो आकडा खाली येता कामा नये. चारांबरोबर स्टेपनीचेही माप जुळवावे, नाहीतर पंक्चरच्या वेळी एक चाक थोरले आणि एक धाकटे अशी गाडी घरापर्यंत आणावी लागते. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाची मर्जी राखण्यापूर्वी निदान रिमवर टेप धरण्याची तसदी घ्यावी; त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पुतण्याने महिनाभरात ते टायर पडत्या भावात विकले आणि पुन्हा 185 घेतले. गाडी 'बसलेली' दिसत नाही, पण स्टिअरिंग हलके झाले आणि अ‍ॅव्हरेजही थोडे सुधारले, असे तो कबूल करतो. आता त्याच्या गाडीत दाब मोजण्याचे एक छोटे यंत्र असते, आणि नवशिक्याच्या उत्साहाने तो ते दिसेल त्या चाकाला लावीत सुटतो. परवा आमच्या अंगणात येऊन त्याने आमच्याही गाडीची चाके तपासली. चारही बरी निघाली. मग त्याने डिकी उघडली. स्टेपनीत 12 पौंड हवा होती.