लाकडाने गावे की गप्प बसावे?

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीने मोबाईलवर एक चित्र दाखवले. व्हिस्कीच्या जुन्या पिंपांच्या लाकडापासून बनवलेले स्पीकर! खाली वर्णन होते, की वर्षानुवर्षे दारू मुरलेल्या या लाकडामुळे आवाजाला वेगळीच गोडी येते. मधल्या सुट्टीत त्यावर पुष्कळ थट्टा झाली. ‘‘गाणे ऐकूनच झिंग चढत असेल,’’ असे कोणीतरी म्हणाले. मीही हसले. पण मी पडले सुताराची मुलगी. संध्याकाळी ते चित्र अण्णांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, ‘‘दारूचं काय न्हाय त्यात. लाकूड जुनं हाय, ती खरी गोष्ट. जुनं लाकूड गप बसतं. नवं लई कुरकुरतं.’’

अण्णांची शाळा चौथीत सुटली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे अण्णा काही बोलले की ‘हे अडाणी बोलणे’ असे मनात यायची एक वाईट खोड मला लागली होती. गाण्याचे लाकूड गायला हवे, ते गप्प बसून कसे चालेल? मला वाटले, अण्णा चुकले. ते कसे चुकले नव्हते आणि मला ते समजायला वर्ष का लागले, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्या पिंपांची हकिकत. अमेरिकेतली बर्बन नावाची व्हिस्की कायद्याने नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनच्या कामाचे राहत नाही. मग अशी पिंपे स्कॉटलंडसारख्या देशांत जातात. तिथला कायदा म्हणतो, की स्कॉच व्हिस्की किमान 3 वर्षे ओकच्या पिंपात राहिली पाहिजे. पिंप पुन्हा पुन्हा भरले जाते आणि लाकडाचा गुण संपला की मोडीत निघते. अशा मोडीतून टेबले होतात, खुर्च्या होतात. जपानच्या पायोनियर कंपनीने सनटोरीच्या पिंपांचे ओक घेऊन ‘प्युअर मॉल्ट’ नावाचे स्पीकर काढले होते. म्हणजे आम्ही हसलो ती गोष्ट कुणा हौशी माणसाचा खुळेपणा नव्हता.

आमच्या पलूसला ओकचे जंगल नाही आणि व्हिस्कीही नाही. द्राक्षे मात्र आहेत. शासनाच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूस या दोन ठिकाणी वाइन पार्क झाले, ते आपण सर्व जाणतोच. पण लाकूड आणि नाद यांचे नाते शोधायला पलूसकराला स्कॉटलंडला जायची गरज नाही. किर्लोस्करवाडीला गाडीत बसावे आणि मिरजेला उतरावे.

दिवाळीच्या सुट्टीत मी तेच केले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी बनतात. या धंद्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब. ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्या हातांनी वाद्ये हाती घेतली. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांनी त्यांना आश्रय दिला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मला यात मौज वाटते ती अशी, की इथे केवळ लाकडाचा नव्हे, तर कसबाचाच पुनर्वापर झाला. लोखंडावर चालणारे हात भोपळ्यावर चालू लागले!

एका कारागिरांनी मला मंगळवेढ्याकडचा वाळलेला भोपळा दाखवला, तुणाचे लाकूड दाखवले. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवतात त्या लाकडी झाकणावर, बोटाच्या पेराने टिचकी मारून ते म्हणाले, ‘‘ऐका. हिनं बोललं पाहिजे. ही मुकी राहिली तर तार कितीही चांगली असू दे, उपयोग नाही.’’ तार एकटी असते तेव्हा तिचा आवाज फार लहान. घोडीवरून तिचा कंप तबलीत उतरतो, तबली आणि भोपळा मिळून पुष्कळ हवा हलवतात आणि मग तो नाद खोलीभर होतो. म्हणजे वाद्यात लाकूड स्वतः गाते. मी विजयी मुद्रेने घरी आले. अण्णांना म्हणाले, ‘‘बघा, लाकूड बोललं पाहिजे म्हणतात मिरजेत!’’

अण्णा वाद घालत नाहीत. त्यांनी बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधला चार इंची स्पीकर काढला, मोबाईलचा आवाज मोठा करणाऱ्या एका लहान यंत्राला जोडला आणि नुसता हातात धरून गाणे लावले. आवाज चिरका, पातळ. ढोलकी तर नाहीशीच झाली. मग त्यांनी गोल भोक पाडलेली एक फळी घेतली आणि स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. काय आश्चर्य! ढोलकी परत आली. हा प्रयोग कोणीही घरी करून पाहावा.

कारण पुढे वाचनात आले. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या उलट्या असतात. त्या कडेने वळून भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. खर्जाच्या स्वरांचे तर फारच नुकसान होते. मागच्या लाटेला अडवायचे, म्हणून खोके. पण अडवलेली लाट आतून भिंतींवर धडका मारते. भिंती लेच्यापेच्या असल्या की त्याही थरथरून आपला सूर काढू लागतात. मग गायिका एक सूर लावते आणि खोके दुसराच. कमी जाडीच्या प्लायवूडचे खोके मोठ्या आवाजात कसे घुमते, ते आपण लग्नाच्या मांडवात ऐकतोच. तेव्हा खोक्याचे लाकूड चांगले केव्हा? तर ते गप्प बसेल तेव्हा!

म्हणजे मिरजेचे कारागीर बरोबर आणि अण्णाही बरोबर. दोघांनाही चांगले वाळलेले लाकूड हवे. फरक जाडीचा आणि कामाचा. तबली पातळ आणि हलकी असते, म्हणून ती बोलते. खोक्याची फळी जाड आणि आतून पट्ट्या मारून ताठ केलेली असते, म्हणून ती बोलत नाही. व्हिस्कीच्या पिंपाचे जे कौतुक होते त्यात खरे तेवढे एवढेच, की ओकची फळी वजनदार असते, ती वर्षानुवर्षे मुरलेली असते आणि पिंपाचा गोलावा तसाच ठेवला तर भिंत अधिक ताठ होते. बाकी दारूची गोडी जिभेला कळते, कानाला कळत नाही. अण्णांनी हे चित्र पाहूनच ओळखले होते. मला मात्र आधी मिरज आणि मग पुस्तक लागले.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. ऑगस्ट 2019 च्या महापुरात भिलवडीचे माझे आजोळ पाण्यात गेले. मी तेव्हा आठवीत होते. पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती बसल्या आणि आजोबांचे घर उतरवावे लागले. पणजोबांच्या वेळच्या सागवानी तुळया, चौकटी, दारे चिखलाने माखून अंगणात पडली होती. लाकूड घेणारा आला आणि त्याने सगळ्याचा वजनावर भाव केला, जळणाचा. मामांना पैशाची निकड होती. त्यांना मी दोष देत नाही. आजोबा मात्र भिंतीच्या ढिगाऱ्यावर बसून ट्रॉली जाईपर्यंत पाहत राहिले. ज्या दारातून आजी लग्न होऊन आत आली, ते दारही त्या ट्रॉलीत होते. अण्णांनी एक तुळई तेवढी मागून घेतली आणि पलूसला आणली. छपरात ती वर्षानुवर्षे पडून राहिली. ‘‘ह्या ओंडक्याला अडखळून एक दिवस मी पडणार,’’ असे आई दर पावसाळ्यात म्हणायची.

याच तुळईचे अण्णांनी गेल्या उन्हाळ्यात दोन खोकी केली. मी मदतीला होते. आत दडलेल्या जुन्या खिळ्याने करवतीचे दोन दात मोडले. सागवानात तेल असते. रंधा मारल्यावर फळीला लगेच सरस लावावा लागतो, उशीर झाला की सांधा नीट धरत नाही. भोक पाडायची पुढची फळी अण्णांनी मुद्दाम जाड प्लायवूडची घेतली, कारण अखंड लाकूड भोकाजवळ रेषेत तडकते. आत जुन्या गादीचा कापूस भरला. पूर्ण झाल्यावर मी टिचकी मारली. ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज आला आणि संपला.

पहिले गाणे कोणाचे लावायचे हे ठरलेलेच होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. गाणे ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. घराणे मूळचे गाडगीळ, पण आमच्या गावावरून ते पलुस्कर झाले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर अवघ्या चौतिसाव्या वर्षी, 1955 मध्ये गेले. त्यांचे एक जुने ध्वनिमुद्रण आम्ही लावले. माझ्या प्लास्टिकच्या छोट्या स्पीकरवर गळ्यामागे नुसती घरघर ऐकू येई. त्या दिवशी ती घरघर उलगडली. तो तंबोरा होता! त्यातली प्रत्येक तार वेगळी ऐकू आली. अण्णा काहीच बोलले नाहीत. आई चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

कोणी म्हणेल, हे कौतुक भावनेचे आहे. थोडे असेलही. जुने लाकूड म्हणजे जादू नव्हे. कारखानदार लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या वापरतात, ते काही उगाच नाही. त्या सर्वत्र सारख्या असतात, ऋतूप्रमाणे फुगत-आकसत नाहीत आणि स्वस्त पडतात. माझा आग्रह एवढाच, की जे सागवान वाढायला कित्येक दशके लागली आणि सुकायला आणखी तेवढी, ते भट्टीत घालण्यापूर्वी त्याच्यापासून काही होईल का, हे एका जाणत्या सुताराला विचारावे. परदेशातल्या पिंपाच्या लाकडाला आपण ‘कलात्मक’ म्हणतो आणि आपल्या पडलेल्या वाड्याच्या तुळईला ‘भंगार’ म्हणतो. हा फरक लाकडात नाही, आपल्या नजरेत आहे.

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या मागच्या शेडमध्ये मोडक्या सागवानी बाकांचा ढीग पडला आहे. त्यांच्यावर आपल्या आधीच्या कित्येक तुकड्यांनी कर्कटकाने नावे कोरली आहेत. आज ना उद्या ते लाकूड वजनावर जाईल. त्यातून सभागृहासाठी स्पीकरची एक जोडी तरी करावी. पंचक्रोशीतल्या सुतारांना बोलवावे आणि आपण विद्यार्थ्यांनी हाताखाली काम करावे. गुरुजनांनी विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

मी हे अण्णांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘कालिजात येऊन मी काय बोलणार?’’ मी म्हटले, ‘‘अण्णा, तुम्ही बोलू नका. खोकं तेवढं करा.’’