चित्रकारांनाही अड्डा लागतो

१९५९ च्या उन्हाळ्यात मार्क रॉथ्को हे अमेरिकन अमूर्त चित्रकार इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला पोचले. पीटर लॅनियन, पॅट्रिक हेरन, टेरी फ्रॉस्ट अशा ब्रिटिश चित्रकारांशी गप्पा झाल्या. पुढे याच हेरन यांनी अमेरिकन वरचष्म्याविरुद्ध वर्तमानपत्रातून तोफ डागली. दोस्ती होती, पण कुणी कुणाच्या ओंजळीने पाणी प्यायले नाही.

आपल्याकडे असा अड्डा मुंबईत वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये जमला. वासुदेव गायतोंडे तिथे चित्रे काढत, हुसेन यांचाही स्टुडिओ तिथेच. अल्काझींच्या नाटकाच्या तालमी, रविशंकरांचे संगीत, सारे एका छपराखाली. लंडनला शिकून आलेल्या नसरीन मोहमदी गायतोंडेंपेक्षा तेरा वर्षांनी लहान. त्यांना गायतोंडेंच्या रूपाने दोस्त आणि मार्गदर्शक एकदमच मिळाला.

गायतोंडे रोलरने रंगाचे थर चढवत, पट्टीने खरवडत, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून उचलत. नसरीन मात्र शाई, पेन्सिल आणि काटेकोर सरळ रेषांकडे वळल्या. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले, रॉथ्कोंनाही भेटले. परतले ते स्वतःचीच वाट धरून.

मुंबईतला हा अड्डा जमला, कारण नाममात्र भाड्यात खोली मिळत होती. ती वास्तू पाडली गेली, तिथे टॉवर उभा राहिला.

आता असा अड्डा नसलेल्या, बीड जिल्ह्यातल्या कडा या गावाकडे पाहू. त्याच्या आष्टी तालुक्यातली मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात, दहावीला जादा गुण पदरात पाडून घेतात आणि बहुतेकांची रंगपेटी तिथेच मिटते. शासनाची कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. परीक्षा गावापर्यंत पोचली, चित्रकारांची संगत मात्र पोचली नाही.

दुष्काळी, ऊसतोड्यांच्या तालुक्यात आधी पाणी की चित्रकला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण इथे नवी इमारत कोण मागतो आहे? जिल्हा परिषद शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवावी, विजेचे बिल ग्रामपंचायतीने भरावे. २०२२ पासून नगरची रेल्वे कड्याला थांबते. महिन्यातून एखादा चित्रकार त्या गाडीने बोलवावा. गुणपत्रिका हातात पडलेल्या मुलांनी त्या खोलीत एकमेकांची चित्रे पाहावीत आणि मनसोक्त वाद घालावा.