माळ्यावरचे इंजिन

पाऊस ओसरला आणि दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरची खोकी खाली उतरतात. आपल्या नवी मुंबईत तर खाडीचा दमट, खारट वारा चार महिने घरात मुक्कामाला असतो. त्यामुळे एखाद्या खोक्यातून निवृत्त आजोबांची खेळण्यातली आगगाडी निघाली, तर तिच्या चाकांवर गंज आणि खोक्याच्या आत बुरशी ठरलेलीच. हॉर्नबीचे एखादे इंजिन, चार डबे, वळणाचे रूळ आणि तळाशी जड ट्रान्सफॉर्मर. घरातली तरुण मंडळी म्हणतात, भंगारात द्या. आजोबा म्हणतात, जरा लावून पाहू. या वादात मी आजोबांच्या बाजूचा आहे, मात्र काही अटींवर.

पहिली अट अशी की, खोके आजोबांनी स्वतः काढू नये. साठीनंतर स्टुलावर चढून मान मागे टाकणे, हा खुब्याचे हाड मोडून घेण्याचा अगदी सोपा मार्ग आहे. खोके उघडावे ते गॅलरीत, तोंडाला मास्क लावून. जुना फोम विरून त्याची भुकटी झालेली असते आणि दम्याच्या रुग्णाला बुरशीची धूळ तत्काळ बाधते.

दुसरी अट ट्रान्सफॉर्मरची, आणि तिच्याबाबत मी तडजोड करीत नाही. रुळांवर फक्त बारा व्होल्टचा प्रवाह खेळतो, त्याची भीती नाही; पण भिंतीतून ट्रान्सफॉर्मरमध्ये येतो तो घरातला २३० व्होल्टचा. वीस-तीस वर्षांत वायरीवरचे रबर कडक होऊन तडकते. ‘एकदा लावून तर बघू’ असे म्हणून तो प्लगमध्ये घालू नये. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा, किंवा सरळ नवा कंट्रोलर आणावा. हॉर्नबीसारख्या गाड्या डीसीवर चालतात, तर मार्कलिनच्या जुन्या गाड्या एसीवर. त्यांच्या कंट्रोलरची अदलाबदल केली तर मोटर जळू शकते.

आता इंजिन. दीर्घकाळ पडून राहिलेले इंजिन बहुधा बिघडलेले नसते, आखडलेले असते. जुने तेल सुकून डिंकासारखे झालेले असते आणि तेच दंतचक्रांना धरून ठेवते. म्हणून चाके बोटाने जबरदस्तीने फिरवू नयेत. अनेक इंजिनांत मळसूत्री दंतचक्र असते, ते मोटरकडून चाकाकडे फिरते, उलट फिरत नाही, आणि जोर लावला की दाते तुटतात. वरचे कवच काढावे, कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चाकांच्या कडा आणि दंतचक्रे पुसावीत. मग प्लॅस्टिकला न बाधणारे हलके तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढेच, आसाच्या टोकांना लावावे. घरातले खोबरेल तेल मुळीच नको. ते चोवीस अंशांच्या खाली थिजते आणि कालांतराने चिकट होते. तेल चाकांच्या कडेला किंवा मोटरच्या तांब्याच्या भागाला लागले तर वीज नीट पोहोचत नाही आणि गाडी घसरते. रूळही त्याच अल्कोहोलने पुसावेत. सँडपेपर वापरू नये. त्याच्या ओरखड्यांत पुन्हा मळ साठतो.

हे अल्कोहोल झटकन पेट घेते. देवघरातल्या निरांजनापासून दूर, खिडकी उघडी ठेवून काम करावे. आणि ते पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. घरात विस्मरणाचा रुग्ण असेल तर ही सूचना दोनदा वाचावी.

सुटे स्क्रू ठेवायला आप्पेपात्रासारखे साधन नाही. पहिल्या खळग्यात पहिला स्क्रू, दुसऱ्यात दुसरा. जोडताना क्रम उलटा. टेबलावर पांढरा पंचा अंथरावा, म्हणजे निसटलेला स्क्रू घरंगळत नाही आणि दिसतोही. डाव्या खांद्यावरून दिवा घ्यावा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून बारीक काम करताना मान सतत वर उचलावी लागते, म्हणून वाचनाचा वेगळा चष्मा असेल तर तो बरा. हात थरथरत असतील तर कोपरे टेबलावर टेकवावीत. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी सोल्डरिंगचे काम दुसऱ्याकडे सोपवावे, कारण भाजल्याचे त्यांना उशिरा कळते. पेसमेकर असलेल्यांनी मोटरचा चुंबक छातीपासून किमान एक वीत दूर ठेवावा. रूळ जमिनीवर मांडू नयेत. वाकून झटकन उठताना रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. आणि कामात रंगून जेवणाची वेळ चुकवू नये, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. रंग घासू नये, हात धुतल्याशिवाय फराळाला हात लावू नये, आणि रांगते नातवंड असेल तर गाडी त्याच्या तोंडापर्यंत पोहोचू देऊ नये.

एवढी पथ्ये सांगून मी या उद्योगाला हो का म्हणतो? माझ्याकडे येणाऱ्या नेरूळच्या एका कुटुंबातील सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. पक्षाघातानंतर उजवा हात दुबळा झाला आणि माणूस खिडकीशी बसून राहिला. फिजिओथेरपीतील रबरी चेंडू दाबायला ते तयार नसत. सुनेने धास्तावत विचारले, इंजिन हातात देऊ का? मी म्हटले, द्या, आणि तुम्ही शेजारी बसा, पण हात लावू नका. उजव्या हाताने इंजिन नुसते धरायचे आणि डाव्याने पुसायचे, एवढे सुरू झाले. पहिल्या आठवड्यात एकच चाक झाले. इंजिन अखेरीस हलले ते दोन फूट, आणि थांबले. सून हिरमुसली, सासऱ्यांनी मात्र लगेच चाकावरचे रबर झिजल्याचे दाखवून नवे मागवायला सांगितले. व्यायामाची जागा हा उद्योग घेत नाही, फिजिओथेरपी त्यांचीही सुरूच आहे. पण उद्या करायचे काहीतरी त्यांना मिळाले.

विस्मरणाच्या आजारात कालचे जेवण आठवत नाही, तरी हातांना मुरलेले कौशल्य पुष्कळदा अधिक काळ टिकते. म्हणून अशा व्यक्तीला ‘ही गाडी कुठली, आठवते का?’ अशी परीक्षा घेऊ नये. कापसाची काडी हातात द्यावी. पुढचे हात पाहतात.

पाय धड असतील तर एखाद्या रविवारी त्यांना पुण्याला कोथरूडला न्यावे. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी तेथे सुरू झाले; सिग्नल, पूल आणि धावत्या गाड्यांचे एक अख्खे चिमुकले शहर तिथे आहे. परतताना १९९२ साली रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली त्या दिवसांची आठवण बहुधा आपोआप निघते.

गाडी प्रथम चालवताना सावकाश, पाच-दहा मिनिटे पुढे आणि तेवढीच मागे चालवावी. मोटरला हात लावून पाहावा; चटका बसला किंवा जळका वास आला तर बंद. झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घालून खोके कमरेच्या उंचीच्या कपाटात ठेवावे, आणि महिन्यातून एकदा गाडी फिरवावी. जुना ट्रान्सफॉर्मर ई-कचऱ्यात द्यावा.